बोटभर उतार

तीन जणांनी येऊन अंगण पाहिलं.
पहिल्याकडे लेझर होता, गुळगुळीत कार्ड होतं,
मातीला हात न लावताच
त्यानं फुटाचा भाव सांगितला.
दुसरा म्हणाला, जेसीबी आत घ्यायला
जाईचा मांडव काढावा लागेल, मॅडम.
तिसरा भेरूलाल, राऊकडून सायकलवर आलेला,
पिशवीत गुंडाळी केलेली पारदर्शक नळी.
चपला फाटकाशी काढल्या,
एक ढेकूळ उचललं, दाबलं, फोडलं, हुंगलं,
आणि विचारलं,
"बाईसाब, पानी जाएगा कहाँ?"

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात
मी लोकांना लोकांशी जोडून दिलं,
मला हे कुणी विचारलं नव्हतं.

जातच नव्हतं. तेच तर दुखणं.
लोकमान्य नगरची ही काळी माती,
चैत्रात भेगा अशा की लूनाची किल्ली पडली
ती गेलीच,
आणि श्रावणात मागच्या दारी आठ आठ दिवस तळं,
न्हाणीच्या भिंतीला गुडघाभर ओल.

"अगदी सपाट करून दे," मी म्हटलं,
"कॅरमच्या बोर्डासारखं."
तो हसला नाही.
सपाटीवर पाणी विचार करत बसतं, म्हणाला,
हातामागे अर्धं बोट उतार द्यायचा.
चालणाऱ्याला कळता कामा नये,
पाण्याला कळला पाहिजे.

वरची वीतभर माती त्यानं आधी बाजूला काढली,
ताडपत्रीखाली झाकली. ही साय, म्हणाला,
हिला खाली गाडली तर दहा वर्षं काही उगवत नाही.
त्याची बायको गट्टूबाई चाळण धरून,
विटांचे तुकडे, बिल्डरनं पुरलेला चुना,
सिमेंटची पोती दगड झालेली,
आणि चौथ्या दिवशी, गंजून तांबडी,
लूनाची किल्ली.
लूना विकून नऊ वर्षं झाली.
मी ती तरी धुतली, खुंटीला लावली.

मग मुरूम दोन ट्रॉली, वाळू, शेणखत,
आणि नळी.
"दुसरं टोक भिंतीपलीकडे कुणी धरेल का?"

पलीकडे छाजेड.
अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.
त्यांचं म्हणणं, आमचं पाणी त्यांच्या गोदामात झिरपतं,
आमचं म्हणणं, छे.
नगर निगमाला अर्ज त्यांनी केले,
उत्तरं ह्यांनी दिली, सुवाच्य अक्षरात,
प्रती फायलीत आहेत.

भेरूलालनं मला विचारलंच नाही. हाक मारली.
छाजेड बनियनवरच आले,
नळीचं टोक धरून उभे राहिले
आरतीचं ताट धरावं तसे, दोन्ही हातांनी.
एक टोक त्यांच्या छातीशी, एक माझ्या,
मधे भिंत, आणि भिंतीवरून गेलेलं पाणी
थरथरत, वर खाली,
"हिलना मत," भेरूलाल म्हणाला,
आम्ही दोघंही हललो नाही.

पाणी थांबलं.
त्यानं भिंतीच्या दोन्ही अंगांना कोळशानं रेघ मारली,
रेघेपासून जमिनीपर्यंत काठी लावली,
इकडे, मग तिकडे.
आमचं अंगण चार बोटं उंच.
सगळा ढाळ त्यांच्या पायाकडे.

कुणी काही बोललं नाही.
ह्यांनी आतून विचारलं, काय निघालं?
मी म्हटलं, चहा टाकते आहे.
पाच कप टाकला.

उतार आता भिंतीला समांतर, रस्त्याच्या नालीकडे,
साय परत वर पसरलेली, फळी ओढून एकसारखी.
पैसे मोजून घेण्याआधी भेरूलालनं
एक बादली मागितली,
मागच्या पायरीवरून ओतली.
पाणी जरा थबकलं,
मातीचा वास घेतल्यासारखं,
मग वळलं.
भिंतीवर कप ठेवून छाजेड बघत होते.
"इधर नहीं आया," ते म्हणाले,
कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मी आत जाऊन दुसरी बादली भरली.