चार मंगळवार

नंदुरबारात पथाऱ्यांच्या रस्त्याला
माझं दुकान दिसायच्या आधी शिंक येते.
एक काच, दोन लटकलेले चार्जर,
आणि वही, जिच्यात त्रेचाळीस नावांपुढे
एकच तारीख. कारण मंगळवारी
पथारीचा हप्ता वाटला जातो,
आणि कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा,
म्हणजे बरोबर चार मंगळवार.
वर्षाला असे तेरा महिने.
तेरावा कुणाच्याच मजुरीत नाही.

माघात एकशे नव्व्याण्णवचे
दोनशे एकोणपन्नास झाले.
कौतिकबाईनं काचेवर बोट ठेवून विचारलं,
यात जास्तीचं काय येतं?
मी म्हटलं, काही नाही. तेच.
ती बराच वेळ बोट न उचलता उभी राहिली.
देठं खुडून लाल झालेल्या बोटाचा ठसा उमटला,
तो मी पुसला नाही. म्हणजे राहून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दहा-बारा जणी आल्या.
मोर्चा वाटला नाही,
सायकी वसावेच्या हातात अर्धी भाकरी होती.
'लोटनभाऊ, आम्ही एक महिना नही टाकसूत.
तुले सांगाले उनूत. तुना बी धंदा शे.'

एका रिचार्जवर माझे सात रुपये सुटतात.
साती त्रेचाळीस तीनशे एक,
दुकानाचं वीजबिल.
हिशेब मी त्यांच्यासमोरच केला, ओठ हलवून.
मग म्हटलं, बरं.

आधी जाणारे फोन बंद झाले.
मग येणारेही.
सुरतेहून सायकीच्या पोराचा मला फोन,
काका, आई आहे ना? लागत का नाही?
आहे, म्हटलं. थांब, लिहून घेतो.

असं सुरू झालं ते.
जुन्या कुपनांच्या पाठीवर मी लिहायचो:
धाकट्याचा ताप उतरला.
पैसे गुरुवारच्या पॅसेंजरला, गोरखसोबत.
मामी पडली, पण हाड शाबूत.
आणि नाकाला रुमाल बांधून
पथारीत उभा राहून नावं पुकारायचो.
वाचता वाचता डोळ्यांतून पाणी यायचं,
बातमी कशीही असो.

सगळ्यांच्या सिमला पर्यायी नंबर माझाच.
त्यामुळे एका संध्याकाळी मला
'प्रिय ग्राहक, तुमची आठवण येते'
असं त्रेचाळीस वेळा आलं.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
घरात मी ते अजून एकदाही ऐकलेलं नाही.

धुळ्याच्या वितरकानं विचारलं,
तुमच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे का?
नाही, म्हटलं. नेटवर्क चांगलं आहे.

रेहमुनबीची मुलगी तळोद्याला, नववा लागलेला.
शटर अर्धं ओढलं होतं तेव्हा ती आली,
पदराच्या गाठीतून पैसे काढले, बोलली काही नाही.
मीही नाही. टाकले.
दुसऱ्या दिवशी मी कुपनं वाचत होतो
आणि तिच्या कमरेशी फोन वाजला.
बेचाळीस जणी एकदम खोकायला लागल्या.
असा खोकला मी जन्मात ऐकला नाही,
ती गोणींच्या मागे जाऊन बोलून येईपर्यंत चालला.
मुलगा झाला होता.
पेढे कुणी मागितले नाहीत,
कशाचे म्हणून मागणार?

चौथ्या मंगळवारी मी लवकर उघडलं.
काच पुसली, ठसा सोडून.
वही काढली, पेन झटकून बघितलं.
हप्ता वाटून झाला, बायका रस्त्यानं गेल्या,
दोघीतिघींनी हात केला, आत कुणी आलं नाही.

पाच वाजता मीच गेलो.
कौतिकबाई मान वर न करता देठं खुडत होती.
भाव उतरला नाही, मी म्हटलं.
'माहीत शे.'
मग आज अठ्ठावीस झाले.
'मंग?'
तिनं घमेलं पुढे सरकवलं.
'महिना तीस दिनना ऱ्हास, भाऊ.
गुरुवारले येसूत. येनाऱ्या येतीन.'

परतताना खिशात फोन वाजला. सुरत.
खिशात कुपन नव्हतं,
मी तळहातावर लिहायला लागलो.