मागची सीट

तीन रविवार आम्ही लोकांच्या गाड्यांचे पट्टे ओढत हिंडलो.
सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, सुधन्वा म्हणाला,
जिथवर रोज कोणी ओढत नाही तिथवर.
पूर तिथे सही करून गेलेला असतो.
मकरपुऱ्यातल्या पांढऱ्या गाडीत निघालीच ती रेघ,
विश्वामित्रीच्या गाळाची, कपात चहाची राहते तशी.
कॉफी सांडली असेल, विकणारा म्हणाला.
फतेगंजची काळी अत्तराने घमघमत होती.
तिसरीचा आकडा म्हणत होता चाळीस हजार
आणि क्लचचं रबर झिजून
संपत आलेल्या साबणासारखं गुळगुळीत.

मला डिझेलच हवी होती.
आठवड्यातून चार दिवस दहेज, येऊन-जाऊन सव्वादोनशे,
पुढे अ‍ॅसिडचे टँकर, मागे त्यांच्याहून घाईतले टँकर,
मध्ये ओव्हरटेकची एवढीशी फट,
तिच्यात माझ्या लहान गाडीचा श्वास
निम्म्यातच संपायचा.
सुधन्वाला हवी होती पाठीला पाठ.
मणक्याच्या ऑपरेशनपासून तो रस्ते
खड्ड्यांवरून ओळखतो.

अमीनसाहेबांची अलकापुरीत, कडुलिंबाखाली.
दोन हजार तेराची, राखाडी, एकाच हातातली.
म्हणजे कागदावर.
साहेबांनी आता बॅटरीवरची घेतली होती,
मुलगाच चालवतो, तिला गिअर नाहीत.
चावी घेऊन आले ते शनाभाई.
अकरा वर्षं तेच.

बॉनेट उघडून त्यांनी माझा हात इंजिनावर टेकवला.
गार आहे ना, बेन? आधीच गरम करून ठेवतात ते चोर.
एकदा खोकून ती जात्यासारखी लागली.
अठराशेपर्यंत झोपलेली असते, ते म्हणाले,
तोवर तिला काही बोलायचं नाही. मग बघा.
सकाळी दुसऱ्या गिअरला जरा कुरकुरते.
टायमिंगचा पट्टा कधी बदलला, क्लच कधी,
सगळं महिन्यासकट. वहीत नव्हतं, तोंडात होतं.
आणि मागची सीट? सुधन्वाने विचारलं. आरामाची आहे?
शनाभाई थांबले.
ते मला माहीत नाही.
साहेब तर झोपायचे.

मग मीच म्हटलं, बसा की मागे. मी चालवते.
नाही नाही म्हणत त्यांनी चपला झटकल्या
आणि रोज स्वतःच पुसलेल्या त्या चामड्यावर
टोकाशी बसले, बँकेत साहेबासमोर बसतात तसे.
शेजारी सुधन्वा, उशीशिवाय.

गोल्डन चौकडीनंतर काटा अठराशेला टेकला
आणि कोणीतरी कमरेला हात लावून
पुढे नेल्यासारखं झालं.
एक टँकर. दुसरा. तिसऱ्याचा ड्रायव्हर
खिडकीतून वाकून बघेपर्यंत तोही मागे.
मी हसले, मोठ्याने. वय वर्षं एकोणपन्नास.
आरशात पाहिलं.
शनाभाई आता पूर्ण टेकले होते,
हात मांडीवर, कोणी ठेवायला दिल्यासारखे,
आणि मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते.

बेन, मागून आवाज येतोय.
डावीकडून. खड्ड्यात. बारीक, पाळण्याच्या कडीसारखा.
बुश गेलाय.
मग बराच वेळ काही नाही.
पुढे येत नाही तो.
साहेब कधी बोलले नाहीत.

सुधन्वाने आरशातून भुवई उडवली,
भाव पाडायची आमची खूण.
त्या आवाजाचे पाच हजार आम्ही कमी करून घेतले, नंतर,
खोटं कशाला सांगू.
पण आधी परत कडुलिंबाखाली येऊन थांबलो
आणि शनाभाईंना दार उघडेना.
अकरा वर्षं पुसलेली कडी
आतून कुठल्या बाजूला ओढायची, त्यांना सुचेना.
मी उतरले, गाडीला वळसा घातला,
आणि बाहेरून उघडलं.