कॅल्डरमथ पूर्व

पेन्सिली मी बांधायचो.
प्रत्येक आडोशात एक, हातभर सुतळीला,
मत देऊन झाल्यावर कुणी खिशात घालू नये म्हणून.
पंचेचाळीस ते एकोणऐंशी, अकरा निवडणुका.

नगरभवनाच्या तळघरात मूळ नकाशा होता,
कापडावर चिकटवलेला, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
अठराशे पंच्याऐंशी साली कुणीतरी लाल शाईनं रेघ ओढली:
नदी, कालवा, रेल्वेचा बांध,
आणि चौथ्या अंगाला थ्वेटच्या गिरणीची भिंत.
आत साठ हजार माणसं.
मताचा हक्क आठ हजारांना.

पहिला खासदार अर्थातच थ्वेट.
दुसरा त्याचा जावई.
तिसऱ्या खेपेला विणकरांनी आयझॅक मिजली उभा केला,
तो अकरा मतांनी पडला.
फेरमोजणीत नऊ मतांनी.
मधली दोन मतं कुठून आली
यावर आजोबांच्या गुत्त्यात चाळीस वर्षं भांडण चालू होतं,
मिजली मेला, त्याचा मुलगा मेला, तरीही.

अठरा साली बायका आल्या, पण तिशीच्या पुढच्याच.
माझ्या हिल्डा आत्यानं तीन वर्षं चढवून नाव नोंदवलं.
वय वाढवून सांगितलं ते आयुष्यात तेवढं एकदाच.

एक्केचाळीसच्या बॉम्बवर्षावात तीन गल्ल्या गेल्या.
जुन्या यादीत माणसं मात्र तशीच, घर क्रमांकासकट.
माझं पहिलं काम त्यांना खोडायचं.
सोळा वर्षांचा होतो.
साहेब म्हणाले, पट्टी धर,
रेघ सरळ आली पाहिजे.

मग यादीत हनात्युक आला, युक्रेनचा,
मग झहूर आणि त्याचे चार भाऊ, मीरपूरचे.
नावाची अक्षरं विचारायला मी दारोदार जायचो,
आणि वेलदोड्याचा चहा घेतल्याशिवाय
एकही अक्षर मिळायचं नाही.

गिरणी बंद झाली. घरं पाडली.
आकडा उतरत उतरत एकतीस हजारांवर आला.
लंडनहून चौघे आले, हरकती ऐकायला.
सभागृहात आम्ही नऊजण, त्यातला एक ऊब शोधत आलेला.
नेली औथवेट उभी राहिली, हातात पिशवी, पिशवीत बटाटे.
"मग आम्ही कुठले म्हणायचं?"
चौघांतल्या एकानं कागद चाळला.
"टेंटर स्ट्रीट... सम क्रमांक, ना? तुम्ही उत्तर, बाई.
समोरचा फुटपाथ दक्षिण."
ती खाली बसली.
समोरच्या फुटपाथवर तिची बहीण राहायची.

असा आमचा मतदारसंघ मोडीत निघाला,
अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन.
वर्तमानपत्रात चार ओळी,
कुत्र्यांच्या शर्यतीच्या निकालाखाली.

त्र्याऐंशीत मी पहिल्यांदा
नुसता मतदार म्हणून गेलो.
तीच शाळा, तोच खडूचा वास,
दारावर नवं नाव.
आडोशात पेन्सिल होती, सुतळीही होती,
पण गाठ कुणा नवख्यानं मारलेली, ओढताच सुटेल अशी.

मी ती सोडली. पुन्हा बांधायला घेतली.
मागं रांग थांबलेली.
"आजोबा," बाहेरून पोरगी म्हणाली,
"अडलंय का काही?"