निघणं झालं का

आपल्या मराठीत फार अवघड आहे लपणं.
जेवलो म्हणा, जेवले म्हणा,
वाक्य संपता संपता क्रियापद विचारतंच, कोण?
म्हणून इतकी वर्षं मी
जेवण झालं म्हटलं, झोप झाली म्हटलं,
ऑफिसला पोचणं झालं.
सयाजीगंजच्या शाखेतली मराठी माणसं हसायची,
खानविलकर म्हणजे रेल्वेची घोषणा.

आज पहाटे साडी नेसायला चाळीस मिनिटं लागली.
मंगळ बजारातली, शेवाळी, काठ बारीक.
दुकानात सांगितलं होतं, बहिणीसाठी.
बेनचा रंग कसा, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, माझ्यासारखाच.

छातीशी मलमलीच्या दोन पुरचुंड्या, आत बाजरी.
कापूस हलका पडतो, सरकतो.
बाजरीला वजन असतं
आणि थोड्या वेळानं ती अंगाची ऊब धरते.

वारसियाच्या वळणावर रिक्षावाल्यानं
आरसा एकदा माझ्याकडे केला,
मग परत होता तसा.
हरणीपर्यंत मीटरच काय तो बोलला.

दारावरच्या जवानानं आधार पाहिलं.
आधारवर मिशी आहे.
श्रीरंग दत्ताजी खानविलकर, पुरुष, एकाहत्तरचा जन्म.
त्यानं मिशी पाहिली, ओठ पाहिले,
मग माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं,
जणू रांगेतलं कुणीतरी उत्तर सांगेल.
"आप ही हैं?"
"हो."
केवढासा शब्द. त्याला लिंग नाही.

पण आत दोन रांगा.
डावीकडे पुरुष, उघड्यावर हात पसरून,
एकेक बुजगावणं.
उजवीकडे विटका निळा पडदा.
बायका आत जातात
आणि मिनिटाभरात पदर सारखा करत बाहेर येतात.
पन्नास वर्षं तो पडदा मला
बाहेरूनच ठाऊक.

ट्रे पुढे गेला.
मी मधेच, पिवळ्या पट्टीवर,
जिथे थांबू नये असं लिहिलंय.

तेव्हा ती आली. बुटकी, खाकीत,
छातीवर पट्टी: पी. बसुमतारी.
"आप किधर से जाएँगे?"
तिच्या हिंदीत सगळेच जाएँगे.
मघाशी पुढच्या आजींनाही तिनं तसंच विचारलं होतं.
तिच्या गावाकडच्या बोलीत
ही भानगडच नसावी.

मी बोट दाखवलं. नुसतं बोट.
मागे कुणीतरी खोकलं.

पडद्याआड लाकडी चौथरा, छोटा पंखा,
आणि फळीला चिकटवलेल्या टिकल्या,
कुणाकुणाच्या, घाईत काढलेल्या.
यंत्र खांद्याशी ओरडलं, कमरेला ओरडलं,
निऱ्यांपाशी तर थांबेचना.
"कितना पिन है?"
"नऊ."
"हमारे उधर दोखोना बाँधते हैं. एक भी नहीं लगता."

बाजरीवरून यंत्र गेलं, गप्प राहिलं.
तिनं मात्र हाताच्या पाठीनं दाबून पाहिलं.
"ये क्या?"
"बाजरी."
"खाने का?"
"वेळ पडली तर."
ती हसली नाही म्हणावं, तर हसली.
मग खांद्यावरची पिन काढून
बोटभर मागे लावली.
"यहाँ. नहीं तो साड़ी फटेगा."

बाहेर चपला घेतल्या, पर्स घेतली.
"ओ बेन! घडियाळ!"
मान आधी वळली. मी मागून.
ट्रेच्या कोपऱ्यात जाड पट्ट्याचं, जुनं,
किल्लीचं घड्याळ. माझंच.

बंगळूरहून बहिणीचा मेसेज येऊन पडला होता:
निघणं झालं का?

म्हणजे तीही.
कधीपासून कोण जाणे,
तीही माझ्या व्याकरणाच्या कडेकडेनं चालत होती.

निघा, एवढं टाइप केलं.
फोननं तीन शब्द पुढे ठेवले:
निघालो, निघाल्यावर, निघाले.

दोन नंबरच्या गेटवर काहीतरी घोषणा झाली.
पिन नव्या जागी अजिबात टोचत नव्हती.
मी तिसरा दाबला.
पूर्णविराम दिला नाही,
विमान अजून यायचं होतं