पाण्याचा दिवस

पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं,
पहाटे साडेतीनला. आधी नळ नुसताच खोकतो.
गल्लीतल्या बायका पिंपं भरतात,
मी माझं काळं पातेलं पुढे सरकवते.
"यमुनाक्का, आज काय शिजवताय?"
डाळिंबाची सालं, म्हणते मी.
अशोक चौकातला रसवाला देतो पिशवीभर,
पैसे घेत नाही,
दरवेळी तेवढं विचारतो : पोटाला फरक पडला का?

लोकर, आणि सोलापुरात!
इथं चैत्रात पत्र्यावर टाकलेला पापड
उलटायच्या आत वाळतो.
हसू देत.
सांगोल्याकडचा बिरुदेव आणून देतो सूत कातून,
पांढरी म्हणायची, पण खरं तर
मेंढी जिथं जिथं बसली त्या सगळ्या मातीच्या रंगाची.
कुसळं निघतात तिच्यातून,
एकदा बाभळीचा अख्खा काटा.

लोकर मानी असते.
ऊन पाण्यातून एकदम गारात घातलीत
की आकसून बसते, पुन्हा बोलत नाही.
ढवळायचं नाही. तुरटी आधी,
मग सालं, मग मंद आच, मग गप्प बसणं.
हे कुणी शिकवलं नाही.
तीन लड्या वाया गेल्या, त्यांनी शिकवलं.

चौतीस वर्षं मी रोज हजार विड्या वळल्या.
पान, तंबाखू, दोरा, टोक दुमडायचं.
संध्याकाळी कारखान्यात छाट काढायचे,
शेकड्यातल्या सात-आठ, उगाच.
त्या सात-आठ कुठे जायच्या, देव जाणे.
बोटं झोपेतही हवेला टोक दुमडायची.

शकीलाआपानं छत्रीची तार घासून घासून
क्रोशाची सुई करून दिली.
म्हणाली, साखळी घाल. घातली.
खांब घाल. घातला.
खांबाशेजारी खांब, मध्ये एक घर मोकळं.
मोकळं सोडायचं असतं, हेच आधी पटेना.
किती करायचे, मी विचारलं.
आपा सुपारी कातरत होती.
"तुला वाटतील तेवढे."

मला काही वाटेचना बराच वेळ.

पेन्शनच्या कचेरीत अंगठा लावला,
यंत्र म्हणालं, ही ती बाई नाही.
रेषा पानांनी खाल्ल्यात, मी म्हटलं.
साहेब म्हणाले, पुसून लावा.
पुसला, तरी पिवळाच.
"हळद?"
"डाळिंब."
तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.
शेवटी डोळ्यावर भागवलं.

नायना गिरणीच्या रंगखात्यात होते,
कोपरापर्यंत निळे. जेवतानाही निळे.
ते निळं मी कधी करून बघितलं नाही.
मी एकदा सालांत गंजक्या खिळ्यांचं पाणी ओतलं,
काळा येईल म्हणून.
आला कसला तरी, कळकट पितळेचा,
नाही, सिद्धेश्वर तळ्याच्या कडेच्या शेवाळाचा,
वाळल्यावरचा.
लडी उचलून दारात धरली आणि
उभीच राहिले. दूध उतू गेलं.

परवा हातभर विणलेलं उसवलं.
एक टोक ओढलं, सरसर सगळं सुटत आलं.
मागावर अशी चूक म्हणजे दिवसाची मजुरी गेली,
आमचे हे अजून तसेच दचकतात,
"अगं, अगं!" करत उठले खाटेवरून.
लोकर मांडीत पडली होती
वेणी सोडल्यावर केस पडतात तशी, वळणं धरून.
उसवण्यात एवढं सुख असतं
हे कुणाला सांगायची सोय नाही.

याचं होणार काय, विचारतात.
शाल म्हणावी तर पांघरणार कोण,
आसन म्हणावं तर टोचणार.
शेजारी यंत्रमाग खडखडतोय, चादरीवर चादर,
त्याला ठाऊक असतं किती.

लड्या दोरीवर टाकल्यात. ठिबकतायत.
खाली सावलीला गल्लीतलं लंगडं कुत्रं झोपलंय.
मागच्या पाण्याचा पिवळा ठिपका
अजून आहे त्याच्या पाठीवर,
आज शेजारी दुसरा पडतोय, शेवाळी.
मी त्याला उठवलेलं नाही.