साडेपाच

दुलूथ, फेब्रुवारी, पहाटेचे चार.
काठापासून आत आत गोठत गेलंय सरोवर
आणि मार्लिस हापालाच्या पडद्यावर
चौथ्या मजल्याचा आकडा आलाय: साडेपाच.
साडेपाच नर्स.

पाच कळतात.
पाचांना नावं आहेत, सुजलेले पाय आहेत,
एकीचं पोर तापानं फणफणलंय,
एकीची गाडी थंडीत सुरूच होत नाही.
पण ही अर्धी कोण?
डावी की उजवी?
सलाइन लावणारा हात यायचा
की कपाळावर ठेवायचा?

वरून पत्र आलंय: तास आवरा.
ओव्हरटाइम दीडपट, एजन्सीची नर्स दुप्पट,
आणि रिकामी खाटही फुकट झोपत नाही.
पत्र खोटं नाही.
उत्तरेकडच्या धाकट्या दवाखान्यातला
बाळंतपणाचा वॉर्ड याच आकड्यांनी मिटला.
मार्लिसलाही हिशेब येतो.
बावीस वर्षं हा मजला तिनं पायांनी मोजला,
गुडघा गेला तेव्हा ही खुर्ची मिळाली.

तीन चाळीसला नऊ नंबरचे
आर्विड लुंडीन गेले.
जन्मभर मालवाहू बोटीचं इंजिन राखलेला माणूस,
जवळचं कुणी नाही.
इफ्राह हात धरून बसली होती.
तेवढ्यात तिच्या चार खोल्या
पा हुआनं पळत पळत सांभाळल्या.
त्या पाऊण तासाला रकाना नाही.

आता नोंद करायची: खाट नऊ, रिकामी.
केली की साडेपाचाचे पाच होतील,
लाल चौकोन हिरवा होईल,
आणि नियमाप्रमाणे एकीला निरोप जाईल,
घरी जा, उरलेले तास बिनपगारी.
आज नंबर इफ्राहचा.
म्हातारा जाता जाता
अर्धी नर्स वाचवून गेला.

बर्फ सारणारी गाडी
पिवळा दिवा फिरवत खिडकीखालून जाते.
वर इफ्राह अजून त्यांचं अंग पुसत असेल,
पाणी कोमट करून,
जणू त्यांना गार लागेल.

मार्लिस टाइप करते:
खाट रिकामी झाली, सात वाजून पाच.
तसं पाहिलं तर
तो माणूस अजून तिथेच आहे.

सोमवारी टोबायस विचारील,
हे तीन तास पंचवीस मिनिटं
कुणाच्या नावावर टाकायचे?
काय सांगायचं, तिला सुचलेलं नाही.
ती गार झालेली कॉफी पिते
आणि दिवसपाळीचा तक्ता उघडते.

सव्वासहा.