उजेडाला धरून

पेठ रोडला, आरटीओच्या बाहेर,
एजंटने ओम्नीभोवती एक फेरी मारली.
टायरला लाथ नाही मारली, एवढी सभ्यता पाळली.
म्हणाला, काका, पासिंग व्हायची नाही.
पत्रा, ब्रेक, डावा दिवा,
सगळं धरून तीस हजार घालाल
आणि गाडी पंचवीसची.
सह्या करा, असंच देऊन टाका कुणाला तरी.

असंच.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कागद उजेडाला धरून पाहिले.
शाई अर्ध्या केसाने सरकली
की लाल पेन्सिल.
बाद. बाद. चालेल. बाद.
निरोप समारंभात साहेब बोलले,
यांच्या नजरेतून काही सुटलं नाही,
आणि शालीला किमतीचं लेबल तसंच राहिलेलं
ते मी तिथेच पाहिलं.

गाडीच्या कागदाची मुदत संपली
तेव्हा मात्र मी तो कपाटात ठेवला,
विम्याच्या पावत्यांखाली,
पालथा.

रविवारी हरसूलहून यादव भोये आला.
त्याला कोंबडीची पिलं पोचवायची होती
खोक्यांतून, पाड्यापाड्यावर.
सोबत मुनाफ मिस्त्री.
जेल रोडच्या आमच्या गल्लीत
मुनाफ पाठीवर सरकत गाडीखाली गेला,
बाहेर उरल्या दोन चपला
आणि आतून आवाज:
हं. हं. अरे बापरे. हं.

कुमुदने चहा आणला.
सकाळीच तिने मागच्या सीटपुढे नवी रबरी मॅट अंथरली होती,
नेमकी त्या भोकावर, ज्यातून परवाच्या उन्हाळ्यात
त्र्यंबकच्या रस्त्यावर तिची एक चप्पल गेली
आणि आम्ही सातपूरपर्यंत हसत आलो.
कोण उचलून बघतंय, म्हणाली होती.
मीही तेच म्हणालो होतो, तिच्या आधी.

यादव स्टेअरिंगवर बसून हॉर्न वाजवून पाहत होता.
हॉर्न उत्तम होता.
हॉर्नबद्दल मी बराच वेळ बोललो.

मग बोटं गेली मॅटच्या कडेला.
मन म्हणत होतं राहू दे,
पण बोटांना कुणी निवृत्त केलं नव्हतं.
मॅट उचलली.
खाली गल्लीचं सिमेंट दिसलं
आणि मुनाफचा एक डोळा.

खालून मॅटच दिसत होती, काका, डोळा म्हणाला.
म्हटलं, बघू कधी उचलता.

यादव वाकला, भोकातून हात घालून पाहिला.
पिलं गळतील की यातून, म्हणाला, आणि हसला,
आणि हसता हसता चार हजार कमी केले.
कुमुदने कप जरा जोरातच उचलले.

मी कोरा कागद घेतला.
पत्रा कुजलेला, मागे डावीकडे, तळहाताएवढा.
ब्रेक दुसऱ्यांदा दाबल्यावर लागतो.
डावा दिवा मनात आलं तर.
पावसाळ्यात दुसरा गिअर रुसतो,
त्याला घाई करू नये.
फिटनेस नाही. सांगितलं आहे.
दोषांनी पान भरलं,
तरी खाली, सवयीने नव्हे,
पहिल्यांदाच विचार करून लिहिलं: चालेल.
यादवने पान घडी घालून
पैशांच्या जागी, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

पासिंग करून नावावर करतो, दादा, दिवाळीनंतर.

दिवाळी झाली. नंबर अजून माझ्याच नावावर.
उद्या कुठे धडकली म्हणजे, कुमुद अंधारात म्हणते,
आणि मी जागा नसल्यासारखा पडून राहतो.
नुसत्या हरसूलच्या घाटाची वळणं मोजतो.
अनोळखी नंबर वाजला की आधी गुडघे उचलतात फोन.

काल मेसेज आला. चलान.
पेठ नाका, सीटबेल्ट नाही, दोनशे रुपये.
सोबत फोटो.
फोन खिडकीपाशी नेला, उजेडाला धरला,
त्याला स्वतःचा उजेड असतो हे विसरून.
काचेमागे पिवळी खोकी छतापर्यंत.
यादवचा अर्धा चेहरा.
डावा दिवा नवा,
एवढा स्वच्छ की उजवा म्हातारा वाटावा.

ब्रेकचं काही फोटोत कळत नाही.

कुणाचा मेसेज, कुमुदने आतून विचारलं.
गाडीचा, म्हटलं.